आय७-४७९० गेमिंगला अजून पुरतो का? गेम परत परत अडकत असेल तर आधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. कॉम्प्युटर दहा वर्षांचा, आत इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५ किंवा आय७, सोबत जीटीएक्स १०५० टीआय नाहीतर १६५० हे ग्राफिक्स कार्ड. गेम चालू होतो, कोपऱ्यात ६०-७० एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) आकडाही दिसतो. पण गर्दीच्या रस्त्यावर गाडी वळवली किंवा समोरून दोघं-तिघं एकदम आले, की नेमकं तेव्हाच चित्र क्षणभर गोठतं. विंडोज नव्याने टाकली की काही दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘प्रोसेसर जुना झाला, मदरबोर्ड-रॅम-प्रोसेसर सगळंच बदला.’

प्रोसेसर किती सालचा आहे यावरून हे ठरवू नये, असं मला ठामपणे वाटतं. तुमच्या गेममध्ये, तुमच्या स्क्रीनवर अडवणूक कोण करतंय हे तासाभरात मोजून कळतं, आणि मोजणी होईपर्यंत खिशात हात घालायची गरज नाही. बऱ्याच मशीनमध्ये आळ प्रोसेसरवर येतो आणि खोट निघते धुळीत, एकुलत्या रॅम स्टिकमध्ये किंवा हार्ड डिस्कमध्ये. काही ठिकाणी प्रोसेसर खरोखर कमी पडत असतो. तिथे विंडोज कितीही वेळा टाकली तरी फरक पडणार नाही, तेही वेळीच कळलेलं बरं.

इथे उदाहरणाला आय७-४७९० घेतलाय, कारण हाच सगळीकडे दिसतो. २०१४ सालचा, हासवेल (म्हणजे चौथी पिढी) घराण्यातला. ४ कोअर, ८ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या वाटा), ३.६ गिगाहर्ट्झ मूळ वेग आणि टर्बोत ४.०. डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०, एचपी एलिटडेस्क ८०० जी१ असली ऑफिसातून निघालेली मशीनं रिफर्बिश्ड म्हणून विकली जातात, त्यात हा किंवा याचाच धाकटा भाऊ आय५-४५९० असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असं मशीन आणून त्यात ग्राफिक्स कार्ड घालणारी पोरं भरपूर आहेत. पुढचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी.

आधी मोजा

टास्क मॅनेजरमध्ये ‘सीपीयू ५५ टक्के’ दिसलं म्हणून प्रोसेसर निवांत आहे असं समजू नका. तो आकडा आठही थ्रेडची सरासरी असतो. गेमचं मुख्य काम बऱ्याचदा एकाच थ्रेडवर चालतं. तो एक थ्रेड शंभरावर टेकला आणि बाकीचे अर्धे रिकामे असले, तरी सरासरी पन्नास-साठच दिसते. परफॉर्मन्स टॅबमधल्या आलेखावर राइट क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडा, म्हणजे प्रत्येक थ्रेड वेगळा दिसेल.

त्याहून चांगली सोय एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये आहे. त्याच्यासोबत रिवाट्यूनर येतं, दोन्ही फुकट आहेत आणि कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतात. मॉनिटरिंगमध्ये जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) युसेज, प्रत्येक सीपीयू थ्रेडचा वापर, सीपीयूचा क्लॉक (वेग) आणि तापमान, रॅम, आणि फ्रेमटाइम (एका फ्रेमला लागणारा वेळ) एवढ्यांना टिक करा. फ्रेमटाइमला आकड्याऐवजी ‘ग्राफ’ निवडा. सगळी मेख या ग्राफमध्येच आहे. ६० एफपीएस म्हणजे दर फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. सगळ्या फ्रेम तेवढ्याच वेळात आल्या तर रेघ सपाट दिसते आणि गेम लोण्यासारखा चालतो. सेकंदात एखादी फ्रेम ८० मिलिसेकंदांना आली, तर सरासरी एफपीएस फारसा हलत नाही, पण रेघेत सुळका उठतो आणि हाताला झटका जाणवतो. ‘एफपीएस तर चांगला आहे, मग अडकतं का?’ याचं उत्तर या सुळक्यांत असतं.

आता गेममध्ये जिथे नेहमी अडकतं, त्याच जागी जा. जीपीयू युसेज सतत ९५-९९ टक्के असेल तर अडवणूक कार्डाची आहे, प्रोसेसरला हात लावू नका. आय७-४७९० सोबत १६५० असेल आणि गेम १०८० पी वर उंच सेटिंगला असेल, तर जड गेममध्ये बहुतेक वेळा आधी कार्डच दमतं. जीपीयू युसेज ६०-७० वर घुटमळतोय, एखाद-दोन थ्रेड शंभरावर आहेत आणि एफपीएस पडलाय, तर संशय प्रोसेसरवर. मात्र त्याआधी व्ही-सिंक (एफपीएसला मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) किंवा एफपीएसची मर्यादा लावलेली नाही ना, हे बघा. मर्यादेमुळेही जीपीयू रिकामा दिसतो.

खात्री करायला रिझोल्युशन १०८० पी वरून ७२० पी वर आणा आणि त्याच जागी पुन्हा बघा. एफपीएस चांगलाच वाढला तर कार्ड कमी पडत होतं. तसाच राहिला तर प्रोसेसर, रॅम किंवा त्यांच्या आसपासचं काहीतरी. रिझोल्युशन कमी झाल्याने कार्डाचं ओझं हलकं होतं, प्रोसेसरचं होत नाही, म्हणून ही चाचणी विश्वासाची आहे.

प्रोसेसर गरम होऊन मागे येतोय का

थ्रेड शंभरावर दिसले तरी निकाल लगेच देऊ नका. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान आणि वेग दाखवणारा प्रोग्राम उघडून गेम वीसेक मिनिटं चालवा आणि क्लॉक बघा. नुसत्या डेस्कटॉपवर ४७९० चा क्लॉक ०.८ गिगाहर्ट्झला उतरतो, ते ठीकच आहे, वीज वाचवायला तो तसंच करतो. गेममध्ये मात्र तो ३.६ च्या वर राहायला हवा. या प्रोसेसरची तापमानाची मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये थर्मल थ्रॉटलिंगच्या ओळीत ‘येस’ उमटतं. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं छान आणि मग अडकायला लागतं, हे त्याचंच लक्षण. डिसेंबरात बरं चाललेलं मशीन मे महिन्यात रडतं, तेही यामुळेच. चंद्रपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. खोलीतली हवाच तापलेली असेल तर हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी धातूची पाती) थंड होणार कशाने?

असेंबल केलेल्या मशीनमध्ये इंटेलचा डब्यातला पंखा असतो, चार प्लास्टिकच्या पुश-पिनांवर बसवलेला. कॅबिनेट उघडल्यावर वरून पंखा स्वच्छ दिसला तरी फसू नका. पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये करड्या धुळीचा नमद्यासारखा थर जमतो आणि हवा जायला वाटच राहत नाही. पंखा काढल्याशिवाय तो दिसत नाही. पिना बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढल्या की पंखा सुटतो. दहा वर्षांत प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते, नखाने खरवडली की भुगा पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने दोन्हीकडची पुसून काढा आणि प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवा. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भरमसाट वेगाने फिरून बेअरिंगची वाट लागते.

पंखा परत बसवताना लोक चुकतात ती जागा म्हणजे या पिना. चारही पिना आधी मूळ दिशेला फिरवून घ्यायच्या, मग समोरासमोरच्या तिरक्या जोडीने दाबायच्या, टक आवाज येईपर्यंत. त्यानंतर बोर्डाच्या मागून टॉर्च मारून बघा. प्रत्येक पिनेची दोन्ही टोकं बोर्डातून आरपार आलेली आणि मधून काळी कांडी पुढे सरकलेली दिसली पाहिजे. चारपैकी एक जरी अर्धवट बसली तर हीटसिंक त्या बाजूने उचललेला राहतो, आणि नवी पेस्ट लावूनही तापमान काही सेकंदांत नव्वदीपार जातं. ‘पेस्ट बदलली तरी फरक नाही’ म्हणणाऱ्यांनी सगळ्यात आधी ही पिन बघावी. डेल-एचपीच्या मशीनमध्ये हीटसिंक स्क्रूने बसतो, तिथे ही भानगड नाही.

रॅम, डिस्क आणि परत परत येणारे झटके

हासवेलच्या मशीनमध्ये डीडीआर३ रॅम असते, १६०० ची. एकच स्टिक लावली तर प्रोसेसरला सेकंदाला १२.८ गिगाबाइट एवढीच वाट मिळते, दोन स्टिकांनी ती २५.६ होते. ८ जीबीची एकच स्टिक असलेल्या मशीनमध्ये प्रोसेसर डेटाची वाट बघत बसतो. टास्क मॅनेजरमध्ये तेही ‘सीपीयू बिझी’ म्हणूनच दिसतं. नवा प्रोसेसर घ्यायच्या आधी तशीच दुसरी स्टिक लावा. दोन स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रश्नच नाही, चार असतील तर एका रंगाच्या दोन स्लॉटमध्ये. एकूण १६ जीबी आज हवीच. ८ जीबीत गेम, क्रोम आणि डिस्कॉर्ड एकदम मावत नाहीत, विंडोज रॅममधलं सामान डिस्कवर हलवायला (पेजिंग) सुरुवात करते आणि झटके येतात. ऑनलाइन घेताना जपून: ‘फक्त एएमडी बोर्डसाठी’ अशी बारीक अक्षरांत लिहिलेली स्वस्त डीडीआर३ मिळते, ती इंटेलच्या बोर्डावर चालत नाही.

गेम हार्ड डिस्कवर असेल तर आजच साटा एसएसडीवर हलवा. नकाशात नवीन भागात शिरताना येणारा अडथळा बऱ्याचदा डिस्कचाच असतो.

आता ज्यांचं म्हणणं ‘ठीक होतं, मग परत होतं’ असं आहे, त्यांच्यासाठी दोन खास गोष्टी. पहिली शेडर, म्हणजे प्रकाश, सावल्या कशा रंगवायच्या हे कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम. गेम कार्डासाठी शेडर तयार करून साठवून ठेवतो आणि ते तयार करण्याचं काम प्रोसेसर करतो. जुन्या चार कोअरला ते जड जातं. ड्रायव्हर अपडेट केला की साठवलेले शेडर रद्द होतात आणि सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून दर अपडेटनंतर पहिले काही सामने अडकत जातात आणि मग आपोआप सुरळीत होतं. विंडोज नव्याने टाकणाऱ्याचंही तेच होतं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये शेडर कॅशचा आकार वाढवून १० जीबी करा. गेम सुरुवातीला ‘शेडर तयार होत आहेत’ म्हणाला तर ते पूर्ण होऊ द्या, घाईने पुढे जाऊ नका. नीट चाललेल्या मशीनवर दर महिन्याला नवा ड्रायव्हर टाकायची सवयही सोडा.

दुसरी गोष्ट बोर्डावरचा सेल. सीआर२०३२ म्हणून जो नाण्याएवढा सेल असतो, तो इतक्या वर्षांत संपलेला असतो. रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं किंवा लाईट गेली की बायोसची (मदरबोर्डच्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग पुसली जातात. पंख्याचा वेग, रॅमची सेटिंग, बूटचा क्रम, सगळं मूळ पदावर. तुम्ही रविवारी सगळं नीट बसवता आणि बुधवारी ते गेलेलं असतं. कॉम्प्युटरचं घड्याळ सकाळी चुकीची तारीख दाखवत असेल तर हाच सेल. किराणा दुकानातही मिळतो.

एवढं करूनही अडकत असेल तर

मग प्रोसेसर. इथे ४ थ्रेड आणि ८ थ्रेड यांत मोठा फरक आहे. आय५-४४६० किंवा ४५९० ला चारच थ्रेड आहेत. नवे गेम ते चारही भरून टाकतात, मग विंडोजचं एखादं किरकोळ काम आलं तरी फ्रेम थांबते. आय७ ला तेवढी मोकळीक असते, म्हणून दोघांची सरासरी जवळपास सारखी असली तरी आय७ वर झटके कितीतरी कमी. यावर एक फुकटचा उपाय आहे आणि तो लोक करत नाहीत: रिवाट्यूनरमध्ये एफपीएसला मर्यादा घाला. गेम ५५ ते ८० च्या दरम्यान हेलकावे खात असेल तर ६० वर बांधा, तरीही दमत असेल तर ५० वर. प्रोसेसर शंभरावरून ऐंशीवर येतो, श्वास घ्यायला जागा मिळते आणि फ्रेमटाइमची रेघ सपाट होते. सपाट ५० हे हेलकावणाऱ्या ७५ पेक्षा खेळायला केव्हाही चांगले.

सेटिंग कमी करतानाही योग्य ती करा. टेक्स्चर किंवा अँटी-अलायझिंग कमी करून प्रोसेसरला काही मिळत नाही, ते कार्डाचं काम. सायबरपंकमध्ये गर्दीची घनता, जीटीए ५ मध्ये पॉप्युलेशन डेन्सिटी आणि एक्स्टेंडेड डिस्टन्स स्केलिंग, इतर गेममध्ये दूरवरची दृश्यं आणि सावल्या, ही प्रोसेसरवर पडणारी ओझी. रे ट्रेसिंगचाही प्रोसेसरवर भार पडतो, ते बंदच ठेवा. डीएलएसएस किंवा एफएसआरच्या अपस्केलिंगने प्रोसेसरची अडवणूक सुटत नाही, कारण ते रिझोल्युशनच कमी करतात आणि ती चाचणी आपण वर केलीच आहे.

कुठल्या गेमला हा प्रोसेसर पुरतो? व्हॅलोरंट आणि जीटीए ५ ची जुनी आवृत्ती आरामात. एल्डन रिंग ६० एफपीएसवर बांधलेलाच येतो. त्याची किमान अपेक्षा आय५-८४०० ची लिहिली आहे, तरी आय७-४७९० वर अधूनमधून पडझड सोसायची तयारी असेल तर खेळता येतो. काउंटर-स्ट्राइक २ सप्टेंबर २०२३ मध्ये सीएस:गोच्या जागी आला आणि प्रोसेसरकडून बरंच जास्त मागू लागला. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरसाठी ४७९० तिथे तोकडा पडतो. बाल्डर्स गेट ३ दोन अंक छान चालतो आणि तिसऱ्या अंकात, मुख्य शहरात शिरल्यावर बसतो. सायबरपंक २०७७ चं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. डिसेंबर २०२० मध्ये तो आला तेव्हा शिफारस केलेल्या प्रोसेसरांच्या यादीत नेमका आय७-४७९० होता. २०२३ च्या २.० अपडेटबरोबर किमान अपेक्षाच आय७-६७०० किंवा रायझन ५ १६०० ची झाली आणि शिफारस आय७-१२७०० ची. प्रोसेसर तोच राहिला, तीन वर्षांत गेम मात्र पुढे निघून गेला.

कोअर मोजून काही कळत नाही तेही यातच बघा. २०२२ चा आय३-१२१००एफ सुद्धा ४ कोअर, ८ थ्रेडचाच आहे. तरीही तो ४७९० ला सहज मागे टाकतो, कारण त्याचा प्रत्येक कोअर दर ठोक्याला जास्त काम उरकतो, कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट स्मृती) जास्त आहे आणि रॅम वेगवान.

त्याच बोर्डावर काय करता येतं

आय५ असेल तर सेकंडहँड आय७-४७७०, ४७९० किंवा झिऑन ई३-१२३१ व्ही३ त्याच एलजीए ११५० सॉकेटमध्ये बसतात. झिऑनमध्ये अंगचं ग्राफिक्स नाही, कार्ड लागेलच. एच८१ सारख्या ८-मालिकेच्या बोर्डावर ४७९० बसवायच्या आधी बायोस अपडेट करून घ्या, जुन्या बायोसला तो ओळखू येत नाही. हा बदल स्वस्तात मिळाला तरच करावा. विकणाऱ्याने भाव वाढवून सांगितला तर सरळ नाही म्हणा, कारण यापुढे या सॉकेटला वाट नाही.

कार्ड निवडताना दोन खड्डे आहेत. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी ही कार्डं पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातली डेटाची वाट) फक्त ४ लेन वापरतात. नव्या, पीसीआयई ४.० च्या बोर्डावर ते चालून जातं. हासवेलवर जास्तीत जास्त ३.० मिळतं, एच८१ वर तर २.० च, आणि कार्ड घुसमटतं. दुसरा खड्डा इंटेल आर्कचा. बी५८० कागदावर फार मोहाचं दिसतं, पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, जो या बोर्डांवर नसतो, आणि जुन्या प्रोसेसरवर त्याचा ड्रायव्हर भारी पडतो. ऑफिसच्या डेल मशीनमध्ये एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) कंपनीच्या खास कनेक्टरचा आणि २९० वॅटच्या आसपास असतो. तिथे वेगळी पॉवर केबल न लागणारं, ७५ वॅटच्या आतलं १६५० हीच शहाणपणाची मर्यादा.

जिथे वेग पुरेसा असूनही दार बंद आहे

हा भाग वेगाचा नाही, आणि माझ्या मते ४७९० वाल्यांना यापुढे हाच जास्त छळणार आहे. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचे प्रोसेसर लागतात, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर घेऊनच कॉम्प्युटर सुरू करणारी सोय). विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आडमार्गाने विंडोज ११ टाकता येते, पण व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. विंडोज १० वर तो या मशीनवर चालतो, म्हणून व्हॅलोरंटसाठीच मशीन असेल तर आडमार्ग नको. बॅटलफील्ड ६ ला तर विंडोज कुठलीही असो, सिक्युअर बूट हवाच. नवीन ऑनलाइन गेम घ्यायच्या आधी ही अट वाचा, पैसे भरल्यावर नव्हे.

हासवेलच्या आधीचे, म्हणजे आय७-२६०० किंवा ३७७० वाले, यांना आणखी एक अडचण. त्या प्रोसेसरांत एव्हीएक्स२ या सूचना, म्हणजे काही गेमना लागणाऱ्या प्रोसेसरच्या आज्ञा, नाहीत. त्या मागणारा गेम हळू चालत नाही, सुरूच होत नाही.

मोजणीनंतर प्रोसेसरच दोषी ठरला आणि तुमचे आवडते गेम नवे असतील, तर बदला. रायझन ५ ५६०० आणि बी५५० बोर्ड, किंवा आय३-१२१००एफ आणि एच६१० बोर्ड, सोबत दोन स्टिकांची १६ जीबी रॅम. डीडीआर३ पुढे नेता येणार नाही. कार्ड, एसएसडी आणि चांगल्या कंपनीचा एसएमपीएस असेल तर तो, हे तेच ठेवा आणि आधी त्याच कार्डावर खेळून बघा. जुना बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम सुटे विकू नका. तिन्ही एकमेकांशिवाय बिनकामाचे असल्याने जोडीने चांगला भाव येतो, आणि टॅली किंवा दुकानाच्या बिलिंगसाठी घेणारे आजही विचारत येतात.